हौस, हुन्नर आणि हिशेब



तापी-पूर्णेच्या संगमाजवळच्या या गावी स्नूकर नावाच्या खेळावर बोलावयाचे आम्ही ठरविले, तेव्हा एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी आम्हांला विचारले, “अहो, या खेळाचे टेबल तरी मुक्ताईनगरात किती जणांनी पाहिले असेल?” प्रश्न रास्त होता. आम्ही त्यांना म्हटले, “दादासाहेब, खेळाविषयी आम्ही थोडेच बोलणार आहोत. बोलायचे आहे ते पोटाविषयी. आणि तो विषय ज्याच्या परिचयाचा नाही असा माणूस या तालुक्यात सापडायचा नाही.”

एक प्रसंग घरोघर घडतो. मुलगा कुस्तीत रमतो, कबड्डीत रमतो, क्रिकेटात रमतो; हल्ली लहान शहरांतही ताशी भाड्याने स्नूकरचे टेबल मिळण्याच्या जागा निघाल्या आहेत, तेथेही रमतो. हरेल त्याने टेबलाचे भाडे भरावयाचे असा तेथला रिवाज असतो, आणि ते पैसे अर्थात बापाच्या खिशातून आलेले असतात. मग एके संध्याकाळी बाप विचारतो, “खेळून पोट भरणार आहे का?” हा प्रश्न आपण पिढ्यान् पिढ्या विचारीत आलो, पण उत्तर मिळावे म्हणून तो कधी विचारला नाही, मुलाला गप्प करण्यासाठी विचारला. आज आपण तो एकदा मनापासून विचारू, आणि उत्तर इतिहासाकडे मागू.

त्यासाठी स्नूकरच का घ्यावा? कारणे तीन. हा खेळ जन्माला आला तो हिंदुस्थानात. त्याच्या आणि त्याच्या थोरल्या भावाच्या, म्हणजे बिलियर्ड्सच्या, क्षेत्रात मुंबई-पुण्याच्या माणसांनी जगात नाव काढले. आणि तिसरे कारण आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. खेळाडूला पैसा देणारे धनी जगात तीन प्रकारचे आढळतात: राजा, नोकरी देणारा मालक आणि प्रेक्षक. हे तिन्ही धनी या एकाच खेळाच्या दीडशे वर्षांच्या इतिहासात एकामागून एक आपल्यासमोर येतात.

ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. बारा फूट लांब व सहा फूट रुंद असे एक टेबल असते. त्याचा पृष्ठभाग पाटीच्या दगडाचा, आणि त्यावर ताणून बसविलेले हिरवे लोकरी कापड. चार कोपऱ्यांत चार व लांबीच्या मध्यावर दोन अशा सहा पिशव्या. टेबलावर बावीस चेंडू: पंधरा तांबडे, सहा निरनिराळ्या रंगांचे आणि एक पांढरा. क्यू नावाच्या काठीने फक्त पांढऱ्या चेंडूला टोला द्यावयाचा आणि त्याच्याकरवी दुसरा चेंडू पिशवीत घालावयाचा. तांबड्याचा एक गुण. रंगीतांचे दोनपासून सातपर्यंत, सात गुण काळ्याचे. एक तांबडा, मग एक रंगीत, पुन्हा तांबडा, असा क्रम. रंगीत चेंडू पुन्हा टेबलावर ठेवतात, तांबडा ठेवीत नाहीत. पंधराही तांबड्यांबरोबर दर वेळी काळाच घेतला तर पंधरा गुणिले आठ, म्हणजे १२० गुण झाले. शेवटी उरलेल्या सहा रंगीतांचे २७. एकूण १४७. एकही चूक न करता एका दमात हे १४७ गुण करणे म्हणजे या विद्येची पराकाष्ठा. बिलियर्ड्समध्ये चेंडू तीनच, पण हात, डोळा व मन यांची कसोटी तीच.

आता या खेळाचे जन्मस्थान पाहू. भुसावळ जंक्शन आपल्यापैकी कोणी पाहिले नाही? तेथून एक मार्ग नागपूरकडे जातो आणि दुसरा सावदा, रावेर, बऱ्हाणपूर, खांडवा, इटारसी असा जबलपुरास. हा दुसरा मार्ग १८७० साली पुरा झाला आणि मुंबई व कलकत्ता ही शहरे प्रथमच आगगाडीने जोडली गेली. त्यानंतर अवघ्या पाच वर्षांनी, १८७५ साली, त्याच मार्गावरच्या जबलपूरच्या छावणीत नेव्हिल चेंबरलेन नावाच्या एका तरुण इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने बिलियर्ड्सच्या टेबलावर रंगीत चेंडूंची भर घालून हा नवा डाव मांडला. (पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झालेले चेंबरलेन ते निराळे.) वूलिच येथील लष्करी विद्यालयात पहिल्या वर्षाच्या कच्च्या विद्यार्थ्यांना चेष्टेने ‘स्नूकर’ म्हणत. कोणाचा तरी सोपा टोला चुकला, चेंबरलेन यांनी त्याला ‘स्नूकर’ म्हटले, आणि मग ‘या खेळात आपण सारेच स्नूकर’ असे हसतहसत ठरून खेळाला ते नाव चिकटले, अशी हकीकत आहे. पुढे उटकमंडच्या क्लबात खेळाचे नियम पक्के झाले. तेव्हा ज्या खेळावर आज परदेशात लक्षावधी पौंडांची उलाढाल होते, त्याचे पाळणाघर आपल्या भुसावळहून सुटणाऱ्या आगगाडीच्या वाटेवर आहे.

पाळणा आपल्या देशात हलला, पण पाळण्याची दोरी कोणाच्या हाती होती? हा खेळ क्लबाचा. टेबल महाग, त्याला स्वतंत्र दालन लागावयाचे, आणि क्लबाचे सभासदत्व साहेबांपुरते व काही ठिकाणी संस्थानिकांपुरते. या दालनात एक हिंदी माणूस मात्र रोज असे. त्याला मार्कर म्हणत. चेंडू मांडणे, कापडाला ब्रश करणे, गुण मोजणे आणि साहेबाला जोडीदार नसेल तेव्हा त्याच्याशी खेळणे ही त्याची कामे. दिवसचे दिवस टेबलापाशी घालविणाऱ्या या माणसाच्या हातात हुन्नर आल्यावाचून कसा राहील? पुष्कळ साहेबांना खेळ शिकविला तो मार्करांनी. परंतु त्या काळच्या इंग्रजी रीतीप्रमाणे जो खेळावर पोट भरतो तो धंदेवाईक, आणि धंदेवाइकाला हौशी खेळाडूंच्या पंक्तीला जागा नाही. म्हणजे ज्याला खेळून पैसे मिळविण्याची गरज नाही तोच शुद्ध खेळाडू, आणि ज्याला गरज आहे तो नोकर!

श्रोतेहो, येथे क्षणभर थांबू. ‘हौसेला मोल नाही’ अशी आपल्याकडे म्हण आहे. ती आपण कौतुकाने वापरतो. पण तिचा दुसरा अर्थ या मार्करच्या तोंडून ऐकावा. हौसेला मोल नाही, म्हणून ज्याच्या घरी मोल द्यावयास आधीच पैसा आहे त्यानेच हौस करावी. हौशी आणि धंदेवाईक हा भेद वरून नीतीचा दिसतो. मुळात तो ऐपतीचा होता.

धंदेवाइकाला त्या काळी एकच मोठा आधार होता, तो राजाश्रयाचा. इंग्लंडचे बिलियर्ड्सपटू जॉन रॉबर्ट्स हे हिंदुस्थानच्या दौऱ्यावर येत. १८८५ साली कलकत्त्यास त्यांनी चेंबरलेन यांची गाठ घेऊन स्नूकरचे नियम समजून घेतले आणि ते इंग्लंडात नेले, असे सांगतात. याच रॉबर्ट्स यांना जयपूरच्या महाराजांनी दरबारी बिलियर्ड्सपटू नेमून वर्षासन बांधून दिले होते. आपल्याकडच्या श्रोत्यांना यात नवल वाटणार नाही. कोल्हापुरास शाहू महाराजांनी पैलवानांना आश्रय दिला, खुराक बांधून दिला आणि १९१२ साली खासबागेचे मैदान उभे केले. राजाश्रयात खेळाडूची चूल पेटते, हा त्याचा गुण. पण ती राजाच्या मर्जीवर पेटते आणि राज्याबरोबर विझते, हा त्याचा दोष. संस्थाने गेली तेव्हा कित्येक तालमींची रया गेली, हे आपण जाणतोच.

दुसऱ्या धन्याची, म्हणजे प्रेक्षकाची, हकीकत इंग्लंडात सुरू होते. १९२७ साली तेथे स्नूकरची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. जो डेव्हिस जिंकले. त्यांच्या हाती बक्षीस पडले ते साडेसहा पौंड! तेच डेव्हिस पुढे १९४६ पर्यंत पंधरा वेळा अजिंक्य ठरले आणि अपराजित म्हणून निवृत्त झाले. लोक तिकीट काढून खेळ पाहत, त्यावर खेळाडूंचा चरितार्थ चाले. पण एका टेबलाभोवती माणसे बसून बसून किती बसणार? कुस्तीचा आखाडा लाखभर लोक पाहू शकतात. हे टेबल फार तर हजार-दोन हजारांना दिसते. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रेक्षक ओसरू लागला, आणि १९५७ नंतर तर ही अजिंक्यपद स्पर्धाच थांबली. ती पुन्हा सुरू व्हावयास १९६४ साल उजाडावे लागले. ज्या इंग्लंडाने हा धंदा उभा केला तेथेच धंदा बसला.

नेमक्या याच काळात आपल्या कथेचा नायक रंगभूमीवर येतो. विल्सन जोन्स यांचा जन्म पुण्याचा, २ मे १९२२ चा. पुण्यातच ते वाढले, पुढे मुंबईकर झाले. हिंदुस्थानचे राष्ट्रीय बिलियर्ड्स अजिंक्यपद त्यांनी बारा वेळा व स्नूकरचे पाच वेळा मिळविले. जागतिक स्पर्धेत आधी त्यांना यश आले नव्हते. अखेर १९५८ साली कलकत्त्यास भरलेल्या जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धेत ते विजयी झाले. कोणत्याही खेळात एकट्याच्या बळावर जगज्जेता ठरलेला स्वतंत्र भारताचा हा पहिला खेळाडू, असा त्यांचा मान आहे. हॉकीत आपण जग जिंकले होते, पण ते अकरांनी मिळून. १९६४ साली न्यूझीलंडमधील पुकेकोहे येथे त्यांनी हे अजिंक्यपद दुसऱ्यांदा मिळविले. १९६३ साली अर्जुन पुरस्कार, १९६५ साली पद्मश्री आणि १९९६ साली द्रोणाचार्य पुरस्कार, असा त्यांचा गौरव झाला. ५ ऑक्टोबर २००३ रोजी त्यांचे निधन झाले.

ही झाली कारकीर्द. आता कमाई. येथे आम्हांला चांगदेवांची आठवण होते. संगमावरचे त्यांचे देऊळ आपल्या तालुक्यातले, तेव्हा कथा सांगावयास नको. ज्ञानेश्वरांना काय लिहावे, मायना कोणता घालावा, हे न कळून या योग्याने कोरेच पत्र धाडले, आणि मुक्ताईने त्या कोऱ्या कागदावरून योग्याची पारख केली. जोन्स यांच्या कारकीर्दीच्या वहीत जमेचे पान उघडावे तर तेही असेच कोरे. ‘हौशी’ या शब्दाचा अर्थच मुळी तो. जगज्जेता होऊनही खेळाने त्यांना पैसा द्यावयाचा नव्हता. चषक द्यावयाचा, पदक द्यावयाचे, टाळ्या द्यावयाच्या. हे कोरे पान वाचावयास आपल्याला मुक्ताईची दृष्टी हवी. ते सांगते की या देशाने आपल्या पहिल्या जगज्जेत्याकडून जे घेतले ते पुष्कळ, आणि त्याची किंमत त्याने स्वतःच्या वेळातून व स्वतःच्या पोटातून भरली.

हे एकट्या जोन्स यांचे नशीब नव्हते. त्यांच्या सहा वर्षे आधी, १९५२ साली, कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक मिळविले. त्यांना तेथे पाठविण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले होते. राजाश्रय संपला होता आणि प्रेक्षकाश्रय अजून आला नव्हता. मधल्या त्या पोकळीत आपले खेळाडू गुरुजनांच्या मायेवर आणि स्वतःच्या जिद्दीवर जगले. ती जिद्द थोर खरी. पण जिद्दीवर किराणा मिळत नाही.

जोन्स यांच्यानंतर मुंबईचेच मायकेल फरेरा आले. १९७७, १९८१ आणि १९८३ अशा तीन वेळा ते जागतिक हौशी बिलियर्ड्सविजेते झाले. १९८१ साली सरकारने त्यांना पद्मश्री देऊ केली ती त्यांनी परत केली. क्रिकेटपटू सुनील गावस्कर यांना पद्मभूषण मिळाले होते. जगज्जेत्याचा मान त्याहून उणा का, असा त्यांचा सवाल होता. पुढे १९८३ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. त्या वेळी काहींना हा गर्व वाटला असेल. आम्हांला त्यात गर्वापेक्षा हिशेब अधिक दिसतो. ज्याच्या खेळाला पैशात मोल मिळत नाही, त्याला मिळणारे एकमेव वेतन म्हणजे मान. मग त्या वेतनाच्या पावतीवरचा आकडा त्याने तपासून पाहिला तर त्याला दोष कसा द्यावा? १९८४ साली ओम अग्रवाल हे जागतिक हौशी स्नूकर विजेते झाले, त्यांच्या वाट्याला तर लोकांच्या स्मरणातली जागाही थोडकीच आली.

इकडे इंग्लंडात मात्र दरम्यान एक चमत्कार घडला होता, आणि तो घडविला रंगीत दूरचित्रवाणीने. १९६९ साली बी.बी.सी.ने ‘पॉट ब्लॅक’ नावाचा स्नूकरचा कार्यक्रम सुरू केला. चित्रे नुकती रंगीत झाली होती. रंग दाखवावयास याहून सोयीचा खेळ कोणता? टेबल सबंध पडद्यावर मावते, पाऊस-वाऱ्याची भीती नाही, चित्रणाला खर्च थोडा. ज्या टेबलाभोवती हजार माणसे बसत होती त्याभोवती आता लाखो बसू लागली. तंबाखूच्या कंपन्या पैसा घेऊन पुढे आल्या. १९७७ पासून अजिंक्यपद स्पर्धा शेफील्ड शहरातील क्रुसिबल नाट्यगृहात भरू लागली. १९८५ सालचा अंतिम सामना अगदी शेवटच्या काळ्या चेंडूवर ठरला, तो मध्यरात्र उलटून गेल्यावर. आणि तरी १ कोटी ८५ लक्ष लोक तो पाहत जागे होते.

बक्षिसाच्या आकड्यांवरून ही वाढ डोळ्यांत भरेल. अजिंक्य खेळाडूस १९२७ साली साडेसहा पौंड मिळाले होते. १९७७ साली ६,००० पौंड, १९८५ साली ६०,००० पौंड आणि २०१९ साली ५ लक्ष पौंड मिळाले. टोला तोच, चेंडू तेच, टेबलाची लांबी-रुंदी तीच. जो डेव्हिस यांचा हात आजच्या विजेत्याच्या हातापेक्षा हजारो पटींनी कच्चा होता असे कोणी म्हणेल काय? फरक पडला तो पाहणाऱ्यांत. यातून एक सिद्धांत निघतो, आणि आजच्या व्याख्यानाचे सार आम्ही त्यातच मानतो: खेळाडूची कमाई त्याच्या हुन्नराने ठरत नाही; त्या हुन्नराभोवती जमलेल्या माणसांनी ती ठरते. हुन्नर कमावणे खेळाडूच्या हाती आहे. माणसे जमविणे त्याच्या एकट्याच्या हाती नाही.

मग आमच्या मुलांनी या नव्या बाजारात जाऊन पाहिले की नाही? पाहिले. मुंबईचे यासीन मर्चंट १९८९ साली आशियाई स्नूकर विजेते झाले. त्यांनी व्यावसायिक खेळाची वाट धरून पाहिली आणि २००१ साली पुन्हा आशियाई अजिंक्यपद मिळविले. पण आमच्या हिशेबाला उपयोगी असे उदाहरण आहे ते मुंबईच्या आदित्य मेहता यांचे.

त्याआधी त्या बाजाराची रीत समजून घेऊ. व्यावसायिक स्नूकरच्या मंडळात सुमारे सव्वाशे खेळाडू असतात. नवीन येणाऱ्याला पात्रता स्पर्धा जिंकून दोन वर्षांचा परवाना मिळतो. दोन वर्षांत जिंकलेल्या बक्षिसांची बेरीज हीच त्याची गुणपत्रिका. या बेरजेने जो पहिल्या चौसष्टांत बसतो तो राहतो. बाकीच्यांना बहुधा पुन्हा दाराशी उभे राहावे लागते. पगार नाही. प्रवास, मुक्काम, सरावाचे टेबल, सगळे पदरचे. कित्येक वर्षे अशी होती की पहिल्या फेरीत हरणाऱ्याच्या हाती बहुतेक स्पर्धांत एक पैही पडत नसे. २०२२-२३ च्या हंगामापासून प्रत्येकाला निदान २०,००० पौंडांची हमी देण्याचा उपक्रम सुरू झाला. पण तीही बक्षिसांतून वळती होणारी उचलच.

मेहता २००८ साली या मंडळात प्रथम शिरले. जागा टिकली नाही. पुन्हा पात्र ठरून ते परत गेले. २०१२ साली ते आशियाई विजेते झाले. २०१३ साल त्यांचे भाग्याचे. त्या वर्षी कोलंबियातील काली शहरी भरलेल्या जागतिक क्रीडा मेळ्यात त्यांनी स्नूकरचे सुवर्णपदक मिळविले, आणि ऑक्टोबरात दिल्लीस झालेल्या इंडियन ओपन स्पर्धेत अंतिम फेरी गाठली. मानांकनाच्या व्यावसायिक स्पर्धेत अंतिम फेरीपर्यंत पोचलेला हा पहिला भारतीय. तेथे चीनचे डिंग जुनहुई यांनी त्यांचा ५-० असा पराभव केला. विजेत्याचे बक्षीस ५०,००० पौंड होते, म्हणजे त्या वेळच्या भावाने सुमारे पन्नास लाख रुपये. उपविजेत्याचा वाटा त्याहून पुष्कळ उणा. २०१४ साली जर्मनीत पॉल हंटर क्लासिक स्पर्धेत त्यांनी १४७ चा तो पूर्ण ब्रेक करून दाखविला. व्यावसायिक स्पर्धेत असे करणारेही ते पहिलेच भारतीय. एवढे करूनही काही हंगामांनंतर मंडळातील त्यांची जागा गेली.

हा हिशेब खानदेशच्या माणसाला समजावून सांगावयास नको. वर्तमानपत्रात केळीचा भाव वाचून शहरातला मनुष्य म्हणतो, ‘केळीवाल्यांची चैन आहे!’ पण बागाईतदार जाणतो की भाव हा घडाचा असतो. रोपे, खत, ठिबकच्या नळ्या, मजुरी हे सारे त्यातून वजा जाते, आणि वैशाखाच्या एका वादळाने उभी बाग आडवी झाली तर वजा करावयासही काही उरत नाही. स्नूकरपटूचे तसेच. अंतिम फेरीचा आकडा हा घडाचा भाव. इंग्लंडातला मुक्काम, चीन-जर्मनीचे प्रवास, पहिल्या फेरीतले पराभव हा बागेचा खर्च; आणि मान किंवा खांद्याची एखादी शीर दुखावली की वादळ आलेच म्हणून समजावे. चौसष्टाव्या क्रमांकाच्या खाली जो खेळतो त्याची स्थिती कोरडवाहू शेतकऱ्यासारखी असते.

दुसरी वाट पंकज अडवाणी यांची. जन्म पुण्याचा, १९८५ चा, कर्मभूमी बंगलोर. २००३ साली ते जागतिक हौशी स्नूकर विजेते झाले, आणि तेव्हापासून बिलियर्ड्स व स्नूकर मिळून पंचविसांहून अधिक जागतिक अजिंक्यपदे त्यांनी मिळविली आहेत. २०१२ साली तेही इंग्लंडच्या व्यावसायिक मंडळात गेले, २०१३ च्या वेल्श ओपनमध्ये उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोचले. आणि २०१४ साली आपण होऊन परवाना सोडून मायदेशी आले. त्यांना तसे करता आले याचे एक कारण असे की त्यांच्या पाठीशी तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळाची, म्हणजे ओएनजीसीची, नोकरी होती. आपल्या देशात आज या खेळातील पुष्कळ नामवंतांना तेल कंपन्यांसारख्या सार्वजनिक उद्योगांनी सांभाळले आहे. हा तो तिसरा धनी, मालक. जयपूरच्या महाराजांची जागा महामंडळाने घेतली; वर्षासनाची जागा महिन्याच्या पगाराने घेतली.

या नोकरीला नावे ठेवणारे आम्हांला भेटतात. त्यांचे म्हणणे असे की पगाराने खेळाडू सुस्तावतो. आम्हांला हे मत मान्य नाही. ज्याची चूल पेटलेली आहे तोच टोला मारताना फक्त चेंडूचा विचार करू शकतो. तथापि नोकरीच्या वाटेलाही एक खड्डा आहे. सरकारी नोकऱ्या, शिष्यवृत्त्या, अनुदाने ही सरकारने मान्य केलेल्या मोठ्या स्पर्धांच्या पदकांशी बांधलेली असतात. हा खेळ १९९८ साली आशियाई क्रीडास्पर्धांत आला. बँकॉकला त्या वर्षी अशोक शांडिल्य व गीत सेठी यांनी बिलियर्ड्सची सुवर्णपदके आणली. २०१० नंतरच्या आशियाई स्पर्धांतून तो वगळला गेला. खेळाडूंच्या हातातला हुन्नर जसाच्या तसा होता. पण परदेशातल्या कोणत्या तरी समितीने यादीतून एक ओळ खोडली आणि येथल्या मुलाच्या नोकरीची शक्यता उणावली.

एवंच, तीन धनी आपण पाहिले. राजाची मर्जी फिरते, प्रेक्षकाची नजर फिरते, मालकाची यादी फिरते. स्थिर असा एकही नाही. मग बापाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर काय?

इतिहास असे सांगतो की खेळून पोट भरते, पण फार थोड्यांचे. आणि त्या थोड्यांचे ज्या वर्षांत भरते ती वर्षेही थोडी असतात. म्हणून ज्या मुलाचा हात खरोखरच चांगला आहे त्याला अडवू नये. पण त्याला हिशेब शिकवावा. हातातली काठी कशी धरावी याच्याबरोबर दौऱ्याचा खर्च कसा मांडावा, शिक्षण कुठवर न्यावे, पस्तिशीनंतर काय करावे, हेही त्याला सांगावे. जोन्स यांनी खेळ थांबविल्यावर तरुणांना शिकविले आणि त्याच कामासाठी त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, हे विसरू नये. हुन्नर दुसऱ्याच्या हातात देता येणे हेसुद्धा एक उत्पन्न आहे, आणि वयाबरोबर ते घटत नाही.

आणि हे झाले मुलाला सांगावयाचे. गावालाही काही सांगावयास हवे. आपण पाहिले की कमाई ठरते ती जमलेल्या माणसांनी. तेव्हा ‘खेळून पोट भरणार आहे का?’ या प्रश्नाचे निम्मे उत्तर मुलाकडे आहे आणि निम्मे आपल्याकडे. तालुक्याच्या कबड्डी सामन्याला आपण तिकीट काढून जातो का? यात्रेतल्या कुस्तीला इनाम लावताना हात आखडता घेतो का? शाळेच्या मैदानावर बांधकाम निघाले तर विचारतो का? ज्या गावात खेळ फुकट पाहण्याची सवय आहे, त्या गावातल्या बापाने मुलाला खेळून काय मिळणार असे विचारणे न्यायाचे नाही.

जबलपूरच्या त्या दालनातील मार्कर आम्हांला राहूनराहून आठवतो. त्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. चेंडू त्याने मांडले, गुण त्याने मोजले, साहेबाचा हात त्याने सुधारला असेल. पण फळ्यावर त्याच्या स्वतःच्या नावाचा रकाना नव्हता. जोन्स यांच्या वेळी नावाचा रकाना आला, पैशाचा कोरा राहिला. मेहता, अडवाणी आणि त्यांच्यामागून अलीकडे व्यावसायिक मंडळात गेलेले मुंबईचे इशप्रीत सिंग चढ्ढा यांच्या वेळी पैशाच्या रकान्यातही आकडे पडू लागले आहेत. दीडशे वर्षांत झालेली ही प्रगती लहान म्हणता येणार नाही. पुढचा आकडा कोणत्या गावच्या मुलाच्या नावापुढे पडेल हे सांगता येत नाही. तो आपल्या तालुक्यातला असला, तर त्याने मागच्यांचा हिशेब वाचलेला असावा, एवढीच आमची इच्छा.